तिसऱ्या मजल्याखालची खोकी

"डायरेक्टर, खोकी मेलीत," सेटवर चहा देणारी कूक मावशी म्हणाली.

डायरेक्टर तंगनं मान वळवली नाही. काउलूनच्या त्या मागच्या गल्लीत ऊन पाचपर्यंतच टिकतं आणि सव्वाचार वाजले होते. "मावशी, तुम्ही चहाचं बघा."

"चहाचं बघून झालं. सकाळी तुमचा गुंड तीनदा पडला त्यांच्यावर. एकदा माणूस पडलं की खोकं मेलं. घड्या मीच घातल्यात त्यांच्या, मला कळत नाही?"

"वरून ताडपत्री टाकलीय ना!"

टाकली होती, खरं आहे. निळी, ताणून बांधलेली, वरून बघणाऱ्याला गादी वाटेल अशी. तिच्याखाली फळबाजारातून आणलेली सफरचंदांची रिकामी खोकी, चार थर. बाजूनं बघितलं की कोपरे चेपलेले दिसत. पण बाजूनं बघायला वाकावं लागतं, आणि डायरेक्टर लोकांना ती सवय नसते. नवी खोकी घेऊन निघालेला टेम्पो अजून पोचला नव्हता.

वर तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर पिक-हा उभी होती. मावशीची लेक. अंगात पोलीस इन्स्पेक्टरचा गणवेश, हातात खोटं पिस्तूल. असल्या स्वस्त सिनेमात नायिका तीच आणि पडायचंही तिनंच. मारामारीचे मास्तर सेक तिच्यामागे दडून बसले होते, तिचा पट्टा मुठीत धरून. तिनं तीन म्हटलं की सोडायचा.

सेटवर हाक मारायची नाही, असं पिक-हानं आईला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "इथं मी मॅडम. तू चहा दे, आईपणा नको." मावशीनं ते पाळलं. सात सिनेमे पाळलं. लेक काचेतून आरपार गेली, जिन्यावरून गडगडत आली, तरी मावशीच्या हातातली किटली कधी खाली ठेवली गेली नाही.

तंगच्या खिशातून लाल पाकिटाचं टोक डोकावत होतं. जिवावरचं काम झालं की लगेच हातात लाल पाकीट द्यायचं, म्हणजे अपशकुन टळतो. पाकीट सकाळपासून तयार होतं. तयार नव्हती ती खोकी.

"कॅमेरा!"

झालं, ओरडाआरडा सुरू. ह्या सिनेमांत आवाज नंतर भरतात, त्यामुळे कॅमेरा चालू असताना कुणी तोंड मिटत नाही. "पिस्तूल वर, मॅडम!" "धूर सोड रे, धूर!" "अजून पुढे, अजून!" कुणी तर जेवणाचे डबे आले का म्हणूनही ओरडत होतं.

"पिक-हा, उडी नको!" मावशी ओरडली.

पिक-हानं खाली बघितलंसुद्धा नाही. त्या कल्लोळातल्या कशालाच कान द्यायचा नाही, हेच तर तिला शिकवलेलं. मावशीनं दोन्ही हात हलवले.

"मावशीला पण पार्ट हवाय!" दिवेवाला हसला.

वर पिक-हाचे ओठ हलले. एक.

मावशीनं किटली खाली ठेवली.

ती कॅमेऱ्यासमोरून चालत गेली, ताडपत्रीवर चढली, मधोमध पोचली आणि तिनं स्वतःला धपकन बुडावर सोडून दिलं.

पंचेचाळीस किलोची बाई. ताडपत्री तिच्यासकट आत गेली. खोक्यांनी जराही तोलून धरलं नाही. बूड सिमेंटवर आपटलं तो आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला, कारण आता कुणीच ओरडत नव्हतं.

वर पिक-हाचे ओठ दोनवर थांबले होते. सेक मास्तरांची मूठ पट्ट्यावर तशीच होती.

"माझी फिल्म!" तंग किंचाळला. "फुकट गेली सगळी! काय केलंत हे, मावशी?"

खड्ड्यातून मावशीचं नुसतं डोकं दिसत होतं. "तुमच्या मॅडमचं काम केलं. आता तरी बघा वाकून."

तंग वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

सेक मास्तर जिन्यानं खाली आले. त्यांनी तळातलं एक खोकं ओढून काढलं, पापडासारखं चपटं, आणि तंगच्या पायाशी टाकलं. मग त्याच्या खिशातलं लाल पाकीट काढून मावशीच्या हातात दिलं. पडली तर तीच होती.

मागोमाग पिक-हा धावत आली. "आई! आई, लागलं का गं?"

"सेटवर आई कोण, मॅडम?" मावशी म्हणाली. "हात द्या. कंबर धरलीय."

टेम्पो पावणेपाचला आला. मावशी पायरीवर कुल्ल्याखाली उशी घेऊन बसली आणि घड्या घालायला लागली. शेजारी इन्स्पेक्टरच्या टोपीतली पिक-हा, तीही घड्या घालत. लेकीनं केलेलं प्रत्येक खोकं मावशी कोपरानं दाबून बघे, मगच पुढे सरकवी. दोन तिनं परत केली.

समोरच्या भिंतीवर सावली चढत चालली होती. तंग एकदा सावलीकडे बघे, एकदा खोक्यांकडे.

"मावशी, ऊन चाललं."

"जाऊ दे," मावशी मान वर न करता म्हणाली. "ते उद्या परत येतं."