करडा पत्रा

"हा हार्डबोर्ड." म्हाताऱ्या मिस्त्रींनी भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. "पलीकडचा जिप्सम, आत खडूसारखा पांढरा निघेल. आणि खिडकीखालचा नरम बोर्ड. टाचणी लावा, लोण्यात गेल्यासारखी जाईल."

तपासणीला आलेल्या बाईंनी टाचणी टोचून पाहिली, कोपरे खरवडून पाहिले. मिस्त्रींचं एकही उत्तर चुकलं नव्हतं. चुकेल कसं? सगळं त्यांच्याच हातचं काम. घर पाडण्याआधी कुठे काय लावलंय ते लिहून हवं होतं, म्हणून त्यांना शोधून आणलं होतं. पण मिस्त्रींचा जीव इथे नव्हता. बायको आठ दिवस दवाखान्यात होती. छातीत पाणी झालं होतं आणि ते कशानं, याचा डॉक्टरांना पत्ता लागत नव्हता.

छतापाशी टकटक करायचीही गरज पडली नाही. करडा, कडक, सांध्यांवर पट्ट्या मारलेल्या.

"सिमेंटचा पत्रा. अख्ख्या गल्लीत मीच बसवलाय. हातकरवतीनं कापायचो. असा धुरळा उडायचा म्हणून सांगू! घरी जायचो तेव्हा नुसतं भूत!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मास्क चढवला, शिडीवर चढून पत्र्यावर पाणी फवारलं, नखाएवढा तुकडा काढून दोन पिशव्यांत बंद केला.

"पक्कं प्रयोगशाळाच सांगेल, पण मला हा ॲसबेस्टॉसचा वाटतोय. फार वाईट धुरळा हो काका. तीस-चाळीस वर्षांनीसुद्धा छातीत उमटतो. तुम्हाला दम लागतो का?"

"मला? अहो, अजून तीन जिने न थांबता चढतो."

"आणि ते धुळीचे कपडे? धुवायचं कोण?"

"मी कशाला धुतोय! ही धुवायची. आधी दारात झटकायची, मग..."

झटकताना ती तोंड फिरवून खोकायची. वर त्यांनाच चिडवायची, पिठाची गिरणी काढलीत की काय, म्हणून. रोज. किती वर्षं, ते त्यांना मोजवेना. मिस्त्रींनी शिडी धरली.

बाईंनी लिहिणं थांबवलं. "काका, कशा आहेत त्या?"

"कालच डॉक्टरांनी विचारलं," मिस्त्री म्हणाले. "तुमच्या मिसेस कधी कारखान्यात, धुळीच्या कामावर होत्या का, म्हणून. मी हसलो हो. म्हटलं, छे! ही जन्मभर घरातच."