पडद्यावरचं पहिलं वाक्य

"चाकानंतरचा माणसाचा सगळ्यात मोठा शोध आज या घरात लागणार हाय!" असं आबाजींनी जाहीर केलं. जाहीर करायला तोंड उघडावं लागलं, त्यामुळे दातांत धरलेला स्क्रू निसटला आणि कपाटाखाली गेला. जयवंताबाईंनी केरसुणी घालून तो बाहेर काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला. त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांना बोलायची बंदी होती.

बालवाडीत तीस वर्षं "बसा रं खाली" म्हणता म्हणता त्यांचा गळाच बसला होता. कर्जतच्या डॉक्टरांनी गळ्यातली गाठ काढली आणि बजावलं, "तीन आठवडे एक अक्षर नाही. कुजबुजसुद्धा नाही. बोललात, तर आवाज कायमचा जाईल." आबाजींनी भिवपुरीच्या वीजघरात यंत्रांच्या घरघरीत चौतीस वर्षं काढलेली. घरातली ही शांतता त्यांना दोन दिवसांत खायला उठली. ही आता पहिलं वाक्य काय बोलेल, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत राहिलं.

मुलाचा, म्हणजे किरणचा, जुना लॅपटॉप घरात पडून होता. आतलं सगळं जळालेलं, कीबोर्ड मात्र ठणठणीत. आबाजींनी तोच उचकटून बाहेर काढला. तो टीव्हीला जोडलेल्या संगणकाला लावायचा, म्हणजे बायको बोटांनी बोलेल आणि तिचं बोलणं वीतभर अक्षरांत टीव्हीवर दिसेल.

"आबा, नवा कीबोर्ड मिळतो की शिळफाट्याला," किरण पुण्याहून फोनवर म्हणाला.

"मिळतो रं. पण त्याला डोकं कुठं लागतं?"

बाईंनी आपली बालवाडीची पाटी आणली आणि तिच्यावर काहीतरी लिहून समोर धरलं. आबाजींनी पाटी घेतली आणि न वाचताच बाहीने पुसली. "पाटीबिटी, कागदबिगद काय नको गं. तू आता डायरेक्ट टीव्हीवर बोलायचं. आणि पाटी मला लागणार हाय."

पाटी खरंच लागली. कीबोर्डाखालून एक चपटी पट्टी निघत होती, तिच्यात सव्वीस बारीक तारा. कुठलीही कळ दाबली की त्यांतल्या दोन तारा एकमेकींना भेटतात. कुठल्या दोन, ते कुणी लिहून ठेवत नाही. मग बाईंनी कळ दाबून धरायची, आबाजींनी मीटरची दोन टोकं एकेका जोडीवर टेकवत जायचं, आणि मीटर 'टूं' म्हणाला की ती जोडी पाटीवर मांडायची. सव्वीस तारांच्या जोड्या होतात सव्वातीनशे. आठवडाभर घरात फक्त मीटर बोलत होता. प्रत्येक 'टूं'ला आबाजी मांडीवर थाप मारत. "जयवंता, तुझा 'क' सापडला बघ! कुठं लपला होता लबाड!" हसायलाही बंदी होती म्हणून बाई नुसत्या बघत. पाटी गच्च भरली, तेव्हा आबाजींनी ती खिळ्याला उंच टांगली. "हिला आता कुणी हात लावायचा नाय."

सुटा कीबोर्ड मात्र पापडासारखा लवत होता. त्याला खाली टणक बैठक हवी होती. आबाजी स्वयंपाकघरात गेले आणि जाड, गुळगुळीत, अगदी बेताचं लाकूड घेऊन आले. कीबोर्डाचे कोपरे थोडे बाहेर राहिले, पण जमलं झकास. त्यांनी एमसील मळून लाकडावर थापलं आणि कीबोर्ड वर दाबून बसवला.

तेवढ्यात बाई आतून धावत आल्या. त्यांनी तोंड उघडलं.

"जयवंता! बोलू नकोस गं! आवाज जाईल!"

बाईंनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी दोन मुठी छातीसमोर धरल्या आणि पुढे-मागे, पुढे-मागे केल्या. जोरजोरात केल्या.

"कळतंय मला," आबाजी गहिवरून म्हणाले. "टाईप करायची घाई झालीय तुला. थांब, सुकू दे."

शिळफाट्याच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या कमळ्याने नखाएवढी चिप आणून दिली. पाटीवरच्या जोड्या आबाजींनी फोनवर वाचल्या आणि किरणने लांबूनच त्या चिपला शिकवल्या. कळांवर मराठी अक्षरं चिकटली. यात आणखी आठ दिवस गेले. या दिवसांत ताटात भात यायचा, नाहीतर भाकरी. हिचा गळा नाजूक आहे, चालायचंच, असं म्हणून आबाजींनी तक्रार केली नाही. आपल्या या त्यागाचं त्यांना मनातून फार कौतुक वाटलं.

बंदी संपायला चार दिवस उरले असताना कीबोर्ड तयार झाला. आबाजींनी आधी स्वतः बोटं चालवली. 'आमी तयार' अशी अक्षरं टीव्हीवर उमटली. बाईंचा हात वर गेला. त्यांना तिथे 'म्ही' हवा होता. आबाजींना तो आशीर्वाद वाटला.

त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची टीव्हीसमोर ओढली आणि बायकोच्या मांडीवर कीबोर्ड ठेवला. "बोल गं. जे मनात साठलंय ते सगळं बोल."

बाईंचं एक बोट हळूहळू कळा शोधू लागलं.

पो.

"पोराची आठवण आली काय?"

पोळ.

"पोळा? त्याला अजून अवकाश हाय की गं."

बाईंनी एक लांब श्वास घेतला आणि वाक्य पुरं केलं. वीतभर अक्षरांत ते टीव्हीवर झळकलं:

'पोळपाट सोडवून द्या. पाटी पण.'