रेटपेयरला उत्तर

सातवं पत्रही छापून आलं नाही.

उदयने पेपर शेवटपर्यंत उलटून पाहिला. कुत्र्यांची घाण, बसस्टॉपची फुटलेली काच, कोणाची तरी हरवलेली मांजर. त्याच्या कॉमन अर्थ, म्हणजे 'सगळ्यांची पृथ्वी', पार्टीबद्दल एक ओळ नाही.

"दर शुक्रवारी तेच. माझा पत्र ते वाचतात तरी का?"

"माझं पत्र," इस्त्री करता करता आई म्हणाली.

"वाचत असतील," बाबा म्हणाले. "पण त्यात भांडण कुठंय? झाडं वाचवा, बस स्वस्त करा. लोक हो हो म्हणतात आणि पान उलटतात."

पार्टी दीड वर्षाची होती. लीड्सच्या त्या वॉर्डात मेंबर अकरा. मार्चमध्ये कौन्सिलची पोटनिवडणूक होती आणि बावीस वर्षांचा उदय कर्णिक उमेदवार होता, कारण बाकी दहा जणांना वेळ नव्हता. त्याची एजंट मॉरीन, रिटायर्ड टीचर. तिने सरळ सांगितलं होतं, शंभरच्या आत मतं पडली तर ब्रँच बंद.

दारोदार लोक गोड बोलायचे. "लव्हली आयडिया, लव्ह," एक आजी म्हणाली, "पण मत मी लेबरलाच देते हं." एकाने त्याला डबल ग्लेझिंग, म्हणजे दुहेरी काचांच्या खिडक्या, विकणारा समजून दार लावलं. दुसऱ्याने तो डबल ग्लेझिंगवाला नाही हे कळल्यावर लावलं.

घरात तरी काय वेगळं होतं! बाबा, पद्माकर कर्णिक, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. पक्के युनियनवाले, पक्के लेबर.

"तुमची पार्टी लाल की हिरवी ते आधी ठरवा," ते जेवताना म्हणाले. "माझी गाडी काढून घेणार आणि म्हातारपणी मला या चढावर सायकल चालवायला लावणार."

"बाबा, तसं मॅनिफेस्टोत कुठेच नाहीये."

"मॅनिफेस्टोत चढपण नाहीये. चढ आहे."

आईने दोघांना आमटी वाढली. ती त्याच हॉस्पिटलमध्ये मेडिकल सेक्रेटरी होती. डॉक्टर टेपवर बोलायचे, ती टाइप करायची, खाली सही त्यांची. राजकारणावर ती बोलत नसे. दह्याचे रिकामे डबे धुऊन रचून ठेवायची. उदय म्हणायचा, "आई, तू तर आमचीच मेंबर आहेस." ती म्हणायची, "डबा चांगला आहे म्हणून ठेवला."

पुढच्या शुक्रवारी पेपरात पार्टीचं नाव आलं. एका पत्रात.

'हे हिरवे कम्युनिस्ट माझी गाडी काढून घेणार आणि म्हातारपणी मला चढावर सायकल चालवायला लावणार.' खाली सही, 'वैतागलेला रेटपेयर.' म्हणजे कौन्सिलची घरपट्टी भरून पिचलेला कोणीतरी. नाव-पत्ता फक्त संपादकाला माहीत.

बाबा खूश झाले. "बघ, मी एकटाच नाहीये."

उदय उभ्याउभ्याच उत्तर लिहायला लागला. आईने नेहमीसारखं ते वरच्या खोलीत टाइप करून दिलं. "पहिलं वाक्य फार लांबलंय, कापते," म्हणाली.

ते छापून आलं. अख्खं.

मग रेटपेयर दर आठवड्याला चावायला लागला आणि उदय दर आठवड्याला उत्तर द्यायला लागला. दारं आता लवकर बंद होईनात. "तूच का तो? त्या खडूस म्हाताऱ्याला बरं सुनावलंस," लोक म्हणायचे. एक बाई चहाला आत घेऊन गेली.

एका रविवारी टीव्हीसमोर बाबा म्हणाले, "पवनचक्कीवर वीज? वारा पडला की मॅच बंद."

शुक्रवारी रेटपेयरने लिहिलं, 'वारा पडला की मॅच बंद.'

उदयने ती ओळ दोनदा वाचली. सोमवारी बाबा फुटबॉल पूल्सचं, म्हणजे मॅचच्या निकालांवर पैसे लावायचं, कुपन पोस्टात टाकायला निघाले. कुपनाच्या लिफाफ्याखाली आणखी एक लिफाफा होता. त्यावर पेपरचा पत्ता.

"तुम्ही आहात तो," उदय दारातच म्हणाला.

बाबांनी लिफाफा कोटाच्या खिशात घातला. एकदा किचनकडे बघितलं.

"घरात बोला ना. वाट्टेल ते बोला. पेपरात कशाला? सगळ्या वॉर्डासमोर, स्वतःच्या मुलाला?"

"उत्तर देता येतंय ना तुला?"

"येतंय!"

"मग झालं तर," बाबा म्हणाले आणि चढाने पोस्टबॉक्सकडे गेले. चालत.

तीन आठवडे उदय त्यांच्याशी बोलला नाही. मीठ हवं असलं तरी आईकडून मागायचा. आईचं तोंड उतरलेलं असायचं. दोनदा ती काहीतरी बोलायला गेली. दोन्ही वेळा बाबांनी मधेच हवेचा विषय काढला.

गुरुवारी मतदान झालं. शुक्रवारी सकाळी मॉरीनचा फोन आला. आदल्या रात्री मोजणीच्या हॉलमध्ये उदयच्या शेजारी उभी राहून ती रडली होती, आता हसत होती. चारशे एकतीस. उदय तिसरा आला होता. ब्रँच वाचली.

"त्या रेटपेयरला फुलं पाठवायला हवीत," ती म्हणाली. "तो नसता तर आपण कोण हे कोणाला कळलं असतं?"

उदय फोन ठेवून तिथेच उभा राहिला. भांडण कुठंय, असं बाबा म्हणाले होते. दुसऱ्याच शुक्रवारी भांडण सुरू झालं होतं. त्याला आत्ता कळलं.

बाबा टोस्टला मार्मलेड लावत होते.

"बाबा," तो म्हणाला. "थँक्यू. त्या पत्रांबद्दल. आणि सॉरी."

"मला कशाला?" बाबा म्हणाले. "मी फक्त तिकीट लावतो."

वरच्या खोलीत टाइपरायटर चालू होता. उदयने तर आज काहीच लिहून दिलं नव्हतं. मग आवाज थांबला आणि आई जिन्यातून ओरडली, "उदय, मे महिन्यातल्या निवडणुकीला परत उभा राहणार आहेस ना रे? नाहीतर कचऱ्याच्या डब्यांचा एवढा चांगला मुद्दा उगाच वाया जाईल माझा!"