तिसरी पायरी

थायलंडमधल्या लाम्पांग शहरातल्या एका हॉटेलच्या जिन्याची तिसरी पायरी हलते, हे साफसफाई करणाऱ्या लमयाईने चार महिन्यांत तीनदा मॅनेजर विरोतच्या कानावर घातलं होतं. शेवटी त्याच पायरीवरून एक निवृत्त शिक्षिका पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं.

शिक्षिकेच्या मुलीने लमयाईचे हात धरले. "मावशी, पायरी हलत होती, एवढंच कोर्टात सांगा. आईच्या ऑपरेशनचा खर्च तरी हॉटेलला द्यावा लागेल."

संध्याकाळी विरोतने टाइप केलेला कागद लमयाईपुढे सरकवला. 'जिना भक्कम आहे. बाईंच्या चपला गुळगुळीत होत्या.'

"पण साहेब, ती पायरी..."

"पायरीला काय धाड भरलीय? भूमिदेवता कोपलीय. गुरुवारी नऊ भिक्खूंना बोलावलंय, होईल शांत. तू सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

तिने सही केली. घरी जाऊन दोनदा साबणाने हात धुतले, तरी त्या हातांनी घास घ्यायची तिला किळस आली.

गुरुवारी सकाळी ती कमळांचं तबक घेऊन जिन्याच्या वरच्या टोकाला उभी होती. भिक्खू अनवाणी वर येऊ लागले. विरोत जिन्याशी हात जोडून, कमरेत वाकून उभा होता आणि नऊच्या नऊ जणांना, एकेकाला, अदबीने सांगत होता,



"भन्ते, तिसरी पायरी हलते. जपून पाय ठेवा."