डाव्या हाताचं घड्याळ

"दख, परत बंद पडनी घडी!" धनसिंगबापूंनी खाटेवरूनच आरोळी ठोकली. "सव्वादोन वाजाडी ऱ्हायनी, आनि आठे सकायना चहा बी व्हयना नई!"

चुलीपुढे बसलेल्या रुखमाबाईनं मानही वर केली नाही. नवऱ्याचं हे घड्याळपुराण ऐकून तिचे कान किटले होते. मागच्या साली पपईला सोन्याचा भाव लागला, दिल्लीच्या व्यापाऱ्याच्या मनगटावर तसलं घड्याळ दिसलं आणि बापूंनी हट्टच धरला. सुरतेच्या मोठ्या दुकानातून ते आणलं. त्याला ना सेल, ना चावी. अख्ख्या रनाळ्यात तसं दुसरं नव्हतं. महिनाभर बापूंनी ते गावभर मिरवलं, आणि एका सकाळी त्यांना लकव्याचा झटका आला. जीभ सावरली, पाय सावरला. डावा हात तेवढा मांडीवर पडून राहिला. घड्याळ मात्र त्याच हातावर, कारण पुरुषमाणूस घड्याळ डाव्या हातावर बांधतो, असं बापूंचं म्हणणं. तेव्हापासून ते सारखं बंद पडू लागलं.

"नवनीत! गाडी काढ. त्या चोरले सांग, घडी नको, मन्हा पैसा वापस दे!"

नवनीत, त्यांचा मुलगा, दारात येऊन उभा राहिला. घड्याळापायी सुरतेच्या खेपा घालून तो बिचारा रडकुंडीला आला होता. "बापू, दुकानमा तर चालस ती."

"दुकानमा चालस, तुन्हा हातवर चालस. मंग मन्हाच हातवर तिले काय व्हस?"

नवनीतनं आईकडे पाहिलं. हे घड्याळ हाताच्या हालचालीवर चालतं, आणि हात हालला नाही की थांबतं, हे दुकानदारानं त्याला कधीच सांगितलं होतं. त्यानं ते फक्त आईला सांगितलं. बापूंना सांगायची छाती कोणाची?

रुखमाबाईनं मग आपल्या परीनं तोड काढली होती. बापू उठायच्या आत ती उशाचं घड्याळ आपल्या हातावर चढवायची. पाणी भरणं, झाडलोट, भाकऱ्या थापणं सगळं ते बांधूनच. बापू उठले की चालतं घड्याळ त्यांच्या मनगटावर. महिनाभर घरात शांतता राहिली. दुकानदारानं शेवटी नीट दुरुस्त केलं म्हणून बापू खूश झाले, आणि खूश झालेले बापू दिवसभर काटा बघत बसले. व्यायामाचा रबरी चेंडू खाटेखाली धूळ खात पडला. हाताला काही झालेलं नाही, जरा झोपलाय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागले.

परवा नंदुरबारहून व्यायामवाल्या निर्मला मॅडम आल्या. हात उचलून बघताच त्यांचा चेहरा पडला. जाताना त्या रुखमाबाईला ओट्यावर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "मावशी, हेच महिने आहेत. आता हात हालवला नाही, तर पुढे तो असाच राहील." त्या दिवसापासून रुखमाबाईनं घड्याळाला हात लावला नव्हता.

"हरामखोर शे तो!" बापूंच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "मन्हा घामना पैसा खायना! फुटकी घडी गयामा बांधी!"

रुखमाबाईनं हातातलं पीठ परातीत आपटलं. आता तिच्याच्यानं ऐकवेना.

"घडीले काहीच व्हयेल नई! ती हात हालस तव्हय चालस. तुमना हात हालस नई, म्हनीसन बंद पडस!"

नवनीत उगाच दाराच्या कडीशी चाळा करू लागला. बापूंचं तोंड उघडंच राहिलं होतं.

"मंग महिनाभर कशी चालनी?" त्यांनी विचारलं.

"मी चालाडी. रोज सकाय मन्हा हातवर बांधीसन." बोलताना तिला रडू फुटलं, आणि त्या रडण्याचाही तिला संताप आला. "तुमनं तोंड बंद ऱ्हावाले पाहिजे म्हनीसन! चुकनी मी!"

बापूंनी उजव्या हातानं घड्याळ ओढून काढलं, तिच्या पुढ्यात टाकलं आणि उजवं मनगट पुढे केलं.

"आठे बांधी दे मंग."

आवाज एवढा बारीक की रुखमाबाईचं काळीज हाललं. बांधलं असतं तर भागलंही असतं. घड्याळ चाललं असतं, आरडाओरडा थांबला असता, नवनीतच्या खेपा वाचल्या असत्या. महिनोन् महिने सोसून ती थकली होती. तिनं पदरानं हात पुसले, घड्याळ उचललं आणि नवऱ्याचं डावं मनगट धरून त्यावर ते खटकन् बसवलं.

"नई. आठेच."

"तुले अक्कल शे का? चालाव नई ती तठे!"

"मंग चालाडा."

खाऊ की गिळू अशा नजरेनं बापूंनी तिच्याकडे पाहिलं. ती समोरच फतकल मारून बसली. चुलीवर भाकरी करपल्याचा वास आला तरी ती उठली नाही. बापूंनी दात आवळले. खांदा वर आला, कोपर थरथरलं, आणि मनगट मांडीपासून भाकरीच्या जाडीएवढं सुटून पुन्हा धप्पकन् खाली पडलं. सेकंदाचा काटा थोडा पुढे सरकला आणि थांबला.

बापूंना घाम फुटला होता. इतके दिवस सुरतेच्या दुकानदाराला घातलेली शिवी आज त्यांनी आपल्याच हाताला हासडली.

"हाल रे, हरामखोर! हाल!"