सहाव्या तासाचं गुलाबी कार्ड

‘मुलींनी मेकॅनिकल ड्रॉइंग घ्यायचं नाही, असं कुठं लिहिलंय, सर?’

प्रश्न विचारला आर्लिसनं, पण पैज लावली होती तिच्या मैत्रिणी डोरीन आणि बेव्हर्लीनं. दोघी आत्ता दाराबाहेर कान लावून उभ्या होत्या.

मधल्या सुट्टीत डोरीन म्हणाली होती, ‘आम्ही विचारलं तर ओल्सन सर नुसते चष्म्यावरून बघतील. तू विचारलंस तर त्यांना उत्तर द्यावंच लागेल.’

‘का? मी काय मिनेसोटाची गव्हर्नर आहे?’

‘भाषणात जिल्ह्यात पहिली आलीस ना? मग आता का दातखीळ बसली?’ बेव्हर्लीनं आर्लिसच्या सँडविचकडे बोट दाखवलं. ‘कडा कापलेलं सँडविच खाणाऱ्या राजकन्येला कसली आलीय भीती?’

राजकन्या म्हटल्यावर मात्र आर्लिस उठली आणि तडक तळघरात उतरली.

तळघर म्हणजे ओल्सन सरांचं राज्य. सुतारकाम, लोखंडकाम, ड्रॉइंग, सगळ्या विभागाचे तेच प्रमुख. भुशाचा वास, बत्तीस तिरकी टेबलं, आणि त्या टेबलांवर आजवर एकही मुलगी बसलेली नाही. सरांचं जेवण अर्धवट राहिलं होतं. मेणकागदावर उरलेलं सँडविच, त्याच्याही कडा कापलेल्या.

‘दार वाजवलंस?’ सरांनी विचारलं.

‘दोनदा, सर.’

‘हं.’

त्यांनी लाल पेन्सिल कानामागे खोचली, खणातून नियमांचं जाडजूड पुस्तक काढलं आणि ते एकेक पान उलटायला लागले. आर्लिसचे कान तापले. दोन वर्षं ती लॅटिनच्या वहीत गावच्या नदीवरचा पूल काढत होती. समोरून, वरून, बाजूनं. लॅटिनच्या बाई म्हणायच्या, रोमन लोकांनीसुद्धा एवढे पूल बांधले नसतील. आता या पुस्तकात एक ओळ सापडली, की सगळे पूल वहीतच राहणार.

सरांनी पुस्तक मिटलं.

‘कुठंच लिहिलेलं नाही,’ ते म्हणाले. ‘अठरा वर्षं शिकवतोय. कुणा मुलीनं विचारलंच नव्हतं.’

‘मग आता विचारलंय, सर.’

‘बहिरा नाही मी.’ त्यांनी पुस्तक खणात टाकलं. ‘ड्रॉइंगच्याच वेळी, सहाव्या तासाला, दुसऱ्या वर्षाचं गृहशास्त्र असतं. हे घेतलंस तर ते सुटणार. बाईंना सांगितलंस?’

‘नाही.’

‘घरी?’

‘घरीही नाही.’

‘मग आधी बाई, मग घर, मग मी. विषय निवडायच्या या गुलाबी कार्डावर पालकांची सही झाल्याशिवाय माझी होत नसते. नियम सगळ्यांना एकच.’

बाहेर डोरीननं तिला मिठीच मारली. ‘जिंकलीस की गं.’

‘कुठली जिंकतेय? बाईंना कोण सांगणार?’

खरा पेच तोच होता. गृहशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला बारा नावं लागत. एक जरी कमी पडलं तरी वर्ग बंद, आणि बाईंची नोकरी अर्ध्या वेळेवर. वर्गाच्या दारावरची यादी आर्लिसनं तीनदा मोजली होती. बरोब्बर बारा. बारावं नाव तिचंच.

बाई शेगड्यांच्या रांगेपाशी पावाच्या कडा कापून पातेल्यात टाकत होत्या. त्या कडांचं पुडिंग व्हायचं. बाई काही म्हणून वाया जाऊ देत नसत.

‘काय गं? तोंड एवढंसं का झालंय?’

आर्लिसनं एका दमात सगळं सांगून टाकलं. बाईंची सुरी थांबली.

‘मला वाटलंच होतं. गेल्या महिन्यात एप्रनचा नमुना तू पट्टी आणि कोनमापक घेऊन काढलास. तेव्हाच म्हटलं, ही एप्रन शिवत नाहीये, हिला पूल बांधायचाय.’

‘पण तुमचा वर्ग, बाई?’

‘सकाळीच कळलं. शेजारच्या गावचं हायस्कूल बंद होतंय. तिथल्या पाच जणी आपल्याकडे येतायत. झाल्या सतरा. तू गेलीस तरी सोळा. माझ्या शेगड्या काही थंड पडत नाहीत.’

आर्लिसनं एवढा मोठा श्वास सोडला, की टेबलावरचं पीठ उडालं.

‘आता काय अडलं?’ बाई म्हणाल्या.

‘आईला वाईट वाटेल.’

बाईंनी खिडकी उघडली. पटांगणातलं शेवटचं बर्फ वितळत होतं.

‘तुझ्या आईला मी चांगली ओळखते,’ त्या म्हणाल्या. ‘ही पोरगी तोंड कधी उघडते, याचीच ती वर्षभर वाट बघत असेल.’

‘खरंच?’

‘शाळेत मी खोटं बोलत नाही. पळ आता, तास सुरू होईल.’

आर्लिस पळाली. जिन्याच्या पायऱ्या तिनं दोन-दोन करत ओलांडल्या, आणि भूमितीच्या तासाला उगाचच हसत बसली.

संध्याकाळी सहाला घरी सगळे जेवायला बसले. बाबा पेपरातून डोकं वर काढायला तयार नव्हते. आईनं बटाटे वाढले, आणि पुडिंगचं पातेलं मधोमध आणून ठेवलं.

पावाच्या कडांचं पुडिंग.

आर्लिस भाषणाला उभी राहिल्यासारखी ताठ उभी राहिली आणि तिनं गुलाबी कार्ड पातेल्याला टेकवून ठेवलं.

‘आई, बाबा, मी ठरवलंय. पुढच्या वर्षी मेकॅनिकल ड्रॉइंग. आई, उद्या तुझ्या वर्गाच्या दारावरच्या यादीतून माझं नाव खोड. आणि बाबा, आज फक्त पालकांची सही करा. विभागप्रमुखांची घ्यायला उद्या मी तळघरात येते, दार वाजवून.’