ठकूबाईंची विहीर

सुप्याजवळच्या किरणोत्सारी साहित्य हाताळणाऱ्या एका कारखान्याभोवतीच्या पाण्यात किरणोत्सर्ग तर उतरत नाही ना, हे तपासायचं काम नृसिंहकडे होतं. ठकूबाईंच्या विहिरीचा अहवाल त्याने स्वतः वाडीवर जाऊन वाचून दाखवला होता. "पाणी चांगलं आहे, बिनघोर प्या."

चार महिन्यांनी तो पुन्हा आला, तर विहीर तुडुंब भरलेली, पण उपसा नसल्याने पाण्यावर शेवाळ धरलेलं. एकट्या राहणाऱ्या ठकूबाई दोन मैलांवरून हंडा घेऊन येत होत्या. वाटेत पडून उजवा हात मोडला होता, त्याला प्लास्टर होतं.

नृसिंह ओशाळला. पुढे होऊन त्याने हंडा उतरवला. "मावशी, माझंच चुकलं. मी नीट समजावून सांगायला हवं होतं."

"समदं समजलं हुतं, सायेब," धाप टाकत त्या म्हणाल्या.

"त्या दिशी वाचून वाचून तुमचा घसा सुकला, म्हून मी ह्याच हिरीचं पानी तांब्याभर आनून दिलं. तुमी त्यो तांब्या बाजूला सारला, आन् पिशवीतली बाटली काढून प्यालात."